दुखानची गुडघ्याएवढी खिडकी

माझी सॅक कायम भरलेलीच असते, पण कतारला गेलो तो मोरागमुळे. हंपीच्या एका गेस्टहाउसात मी चार महिने काम केलं, तेव्हा ही स्कॉटिश आजी तिथे राहायला होती. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. पडले, खुबा मोडलाय, अंथरुणात आहे. तू आखातात जाणार होतास ना? कतारात दुखानला माझ्या बाबांची खिडकी अजून आहे का, तेवढा फोटो पाठव.

तिचे वडील आर्किटेक्ट होते. महायुद्धात जखमी होऊन कित्येक महिने दवाखान्यात उताणे पडून होते. खिडकी इतकी उंच की आभाळाशिवाय काही दिसत नसे. बरे झाल्यावर त्यांनी शाळा बांधल्या, वाचनालय बांधलं, कामगारांची घरं बांधली आणि प्रत्येक ठिकाणी एक तरी खिडकी गुडघ्याखाली ठेवली, पडलेल्या माणसाला बाहेरची माणसं दिसावीत म्हणून. लोक म्हणाले, पोरं पडतील. खिडक्यांना गज बसले, मग कामंच येईनात. शेवटी एका तेलकंपनीने बंगले बांधायला दुखानला नेलं. स्कॉटलंडमधल्या त्यांच्या सगळ्या इमारती आता पाडल्यात. उरली ही दुखानची रांग.

दोह्यात माझा मुक्काम बिन महमूद वस्तीत, रघुकाकांच्या खोलीत. काका आमच्या चिपळूणचे, सुतार. पंचवीस वर्षं कतारात आहेत आणि त्या बंगल्यांच्या दुरुस्तीचं काम पूर्वी त्यांच्याच ठेकेदाराकडे होतं. खोलीत चौघं, मी पाचवा. खाली कोपऱ्यावर करक चहा आणि पराठा मिळतो, दोन दिवस मी त्यावरच काढले.

शुक्रवारी सकाळी काकांच्या गाडीने निघालो. रस्ता सरळसोट, तासाभराचा. पेट्रोल आणि पाणी दोह्यातच भरून घ्या. काकांनी दोनदा बजावलं होतं, रांग तेलकंपनीच्या कुंपणाबाहेर आहे, बघायला हरकत नाही, पण तिथे फोटोला बंदी, फोन खिशातून काढायचा नाही. मी हो म्हणालो. मग वाटेत झिक्रीतची पाटी दिसली आणि मला तिकडचे पांढरे कडे बघायचेच होते, म्हणून गाडी तिकडे वळवायला लावली. चाक वाळूत रुतलं. तासभर हातांनी वाळू उपसली.

बंगल्यांची रांग रिकामी होती, दारांवर पाडकामाचे लाल आकडे. मी वाकून वाकून एकेक भिंत बघत गेलो. प्रत्येक बंगल्याला गुडघ्याखाली एक चौकोन, सिमेंट ब्लॉकने चिणलेला. एकही खिडकी उघडी नव्हती.

"कुठल्या गाढवाने बुजवल्या या?" मी म्हणालो. काका गाडीकडे चालू लागले.

निदान चौकोन तरी न्यावा म्हणून मी फोन काढला. तीन फोटो झाले आणि मागे पांढरी जीप थांबली. गार्ड हिंदी बोलणारा होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. काकांचा बताका, म्हणजे तिथलं ओळखपत्र, मागून घेतला आणि हातात धरून ठेवला.

"फोटो डिलीट करो, नहीं तो इनका नंबर ऊपर जाएगा."

खरं सांगतो, मी लगेच डिलीट केले नाहीत. मोराग डोळ्यांसमोर आली. मग काकांचा हात दिसला, बताका परत घ्यायला पुढे केलेला. तिन्ही फोटो उडवले. गार्डने नुकत्याच पुसलेल्यांचं फोल्डरही उघडायला लावलं. तेही रिकामं केलं. "खलास," म्हणाला आणि बताका काकांच्या हातात ठेवला.

परतीच्या अर्ध्या वाटेवर मी माफी मागितली आणि खिडक्यांची गोष्ट सांगितली, दवाखान्यापासून सगळी. काकांनी गाडी बाजूला घेतली.

"मीच बुजवल्या रे मेल्या. एसी बसवले तेव्हा. आम्ही हसायचो, सायबाला टेप धरता येत नव्हती म्हणायचो."

खोलीवर आल्यावर त्यांनी पलंगाखालून एक पाट काढला. जुनं सागवान, कडेला बिजागरीची खाच. त्या खिडक्यांपैकी एकीची झडप. फेकवेना म्हणून पाट केला होता, त्यावर बसून ते इतकी वर्षं जेवतायत. मी मागितला. नाही म्हणाले. मग त्यावर बसून जेवतानाचा फोटो मात्र काढू दिला.

चिपळूणला परतल्यावर मोरागला फोन लावला. खिडकी नाही, असं सरळ सांगून टाकलं, मग काकांचा फोटो पाठवून पाटाची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, त्या पाटावरून तुझ्या काकांना काय दिसतं?

काकांना दोह्याला फोन करून विचारलं.

"काय दिसणार? दाराखालची फट. कोण आलं ते पायांवरून कळतं. तू आलास तेव्हाही आधी चपला दिसल्या तुझ्या."

मी ते जसंच्या तसं मोरागला कळवलं.