इनासकाकांचा पाचवा देवमासा

नातालकाकूंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला देवमाशाचं नाक शिकवत होते. फोन पर्समध्ये थरथरत होता आणि माझ्या हातात मेणाचा तिसरा नमुना होता, म्हणून उचलला नाही. तास संपल्यावर मीच उलट फोन केला. काकू म्हणाल्या, "बाई, इनास सकाळी गेला. चा पिताना..." मी तो नमुना हातात धरून तशीच उभी राहिले. तो त्यांच्या नवऱ्यानं, इनासकाकांनीच घडवलेला होता. याला आता दीड महिना झाला. त्यांच्यावर लिहायला बसले की गंभीर व्हावं असं ठरवते, पण पहिल्या ओळीलाच ते नमुने आठवतात आणि माझा उत्साह आवरेनासा होतो. नाइलाज आहे. हा माणूस आठवला की मला आधी आनंदच होतो.

इनासकाका मेणाचे अवयव करायचे. वसईकरांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. गुडघा धरला तर मेणाचा पाय, नजर गेली तर मेणाचे डोळे, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, घर हवं असेल तर मेणाचं घर, असा नवस आमच्याकडे चर्चमध्ये वेदीपुढे ठेवतात. काकांच्या पडवीत हे सगळं ओळीनं मांडलेलं असायचं. कौलारू घराचा साचा त्यांनी अलीकडे बाद केला होता आणि चार मजली इमारतीचा नवा केला होता, कारण मागणीच तशी होती. त्यावरून मी त्यांना चिडवायचे, तर ते म्हणायचे, तुमच्या उमेळ्याच्या वाडीत काय उभं राहिलं ते बघा आणि मग हसा. आमच्या केळीच्या जागी खरंच सात मजले उभे आहेत आणि मी स्वतः एव्हरशाईन सिटीत राहते, त्यामुळे मी विषय बदलायचे. माझ्या वडिलांचे ते जुने स्नेही. मी प्राणिशास्त्र शिकवते म्हणजे नेमकं काय करते, हे त्यांना वडिलांनी बऱ्याचदा समजावून पाहिलं होतं.

एका वर्षी मीच त्यांच्याकडे काम घेऊन गेले. देवमासा आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो. आईच्या पोटात अगदी सुरुवातीला त्याच्या दोन नाकपुड्या आपल्यासारख्याच चेहऱ्याच्या टोकाला असतात, आणि जन्माला येतो तेव्हा त्या थेट डोक्यावर असतात. मधे काय होतं ते चित्रावरून मुलांना कळत नव्हतं. नाक हळूहळू मागे सरकत जातं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. दातवाल्या देवमाशाच्या गर्भाच्या पाच अवस्थांची चित्रं मी काकांपुढे ठेवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि विचारलं, आजारी कोण आहे? कुणीच नाही, मुलांना शिकवायचंय, असं मी म्हटल्यावर ते जरा अस्वस्थ झाले. कुणी आजारी नसताना त्यांच्याकडे अवयव मागायला आलेली मी पहिलीच. तरी चित्रं ठेवून घेतली.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. मला वाटलं, काम झालं. तर काका म्हणाले, "बाई, तुमी शिकवता ते चूक हाय." त्यांनी कोमट मेणाचा एक गोळा घेतला, त्याला तोंड काढलं, टोकाला दोन भोकं पाडली आणि अंगठ्यानं ती भोकं मागे ढकलायला लागले. चेहरा चुरगळला, भोकं बुजली. मग दुसरा गोळा घेतला. या वेळी भोकांवर बोट ठेवलं, त्यांना हलू दिलं नाही आणि खालचं तोंडच चिमटीत धरून पुढे ओढत नेलं. तोंड लांबलं, निमुळतं झालं, आणि भोकं आपोआप वर राहिली. "बगा. नाक मागं नाय गेलं. थोबाड फुडं गेलं." घरी जाऊन पुस्तकं काढली. जबड्याची हाडं पुढे लांबत जातात, कवटीचा तळ वाकतो आणि नाकातली हवेची आडवी वाट उभी होते, हे सगळं तिथे लिहिलेलं होतं आणि मी ते कधीतरी वाचलेलंही होतं! कवटीच्या तळाचं काकांना ठाऊक नव्हतं, पण बारा आणे गोष्ट त्यांच्या अंगठ्याला कळली होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली, जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही टाकली. काकांनी मात्र पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगितलं की कॉलेजच्या बाईंना मी शिकवतो.

चार नमुने झपाट्यानं झाले. चौथ्यात दोन वाटा वर एकत्र येऊन डोक्यावर एकच भोक होतं. पाचवा अवघड होता, नाकापासून फुप्फुसांपर्यंत, मधोमध उभा कापलेला. देवमाशाच्या घशात स्वरयंत्र लांब होऊन थेट नाकाच्या वाटेत वर शिरतं, त्यामुळे हवेची वाट वेगळी आणि अन्नाची वेगळी राहते. हे ऐकल्यावर काकांचे डोळे चमकले. त्यांची स्वतःची फुप्फुसं तोवर थकली होती, प्रत्येक घासाला ठसका लागायचा आणि तापल्या मेणाजवळ उभं राहायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. मग नातालकाकू आत मेण वितळवायच्या आणि काका पडवीत बसून कोमट मेण घडवायचे. दोन बोटं काम, मग दम खायचा, मग पुन्हा दोन बोटं. दीड महिना लागला. माझ्या हातात देताना म्हणाले, "ह्याला ठसका नाय लागत, बाई. लय हुशारीचं काम केलंय देवानं."

त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी गेले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बाहेर काकू रडत होत्या. बुधवारी चर्चमध्ये मावलीच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला मेणाची फुप्फुसं ठेवायची होती आणि ती पडवीत शिल्लक नव्हती, करणारा माणूस आत झोपलेला होता. मला एकदम आठवलं की मेणाची एक जोडी आहे, माझ्या प्रयोगशाळेच्या फळीवर. मी विज्ञान शिकवते, नवस कधी बोललेले नाही, चर्चमध्ये जाते तीही आईसाठी. पण त्या बुधवारी मी पाचवा देवमासा कापडी पिशवीत घालून रिक्षात बसले आणि वेदीपुढे नेऊन ठेवला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, हा कसला अवयव? मी म्हटलं, फुप्फुसं. एवढी लांब? मी म्हटलं, आजार मोठा आहे.

काका घरी आले. वेदीपुढचं मेण पुढे वितळवून त्याच्या मेणबत्त्या करतात, त्यामुळे पाचवा परत मिळणार नव्हता. दीड महिन्याचं काम मी न विचारता देऊन टाकलं होतं, हे सांगायचं मला धैर्य होईना. दोन आठवडे टाळलं आणि मग सांगून टाकलं. ते इतके हसले की काकू पाणी घेऊन धावत आल्या. "मावली म्हनेल, हा इनास देवमासा कदी झाला?" मी विचारलं, बरं वाटल्यावर पुन्हा एक कराल का? त्यांनी मान हलवली. "दिलेला नवस परत नाय बनवत." मग थोडं थांबून, दम घेत... "देवमाशाचा दम लांब असतो, नाय बाई?" मी म्हटलं, खूप लांब असतो.

त्या पावसाळ्यात ते पडवीत बसून काकूंना साचे शिकवत होते, चुका काढत होते, गिऱ्हाइकांशी भांडत होते. औषधांनी आणि काकूंच्या सेवेनं ते उठून बसले, हे मला कळतं. डॉक्टरांनी मला एक्स-रेसुद्धा दाखवला होता.

माझ्या फळीवर आज चार नमुने आहेत. पाचव्याची चिठ्ठी आणि तिच्यामागची रिकामी जागा मी तशीच ठेवली आहे. सहकारी म्हणतात, प्लास्टिकचा मागवून टाका. मी नाही मागवला. परवा नवी बॅच आली. कोमट मेणाचे गोळे वाटले, सगळ्यांनी आधी नाक मागेच ढकललं, सगळ्यांचे चेहरे चुरगळले, आणि मग एका मुलीनं तोंड पुढे ओढलं आणि ती ओरडलीच. माझ्या अंगावर दर वेळेसारखा काटा आला. तास संपताना तिनंच विचारलं, पाचवा कुठंय?

"एका माणसाला श्वास हवा होता. त्यासाठी दिला."

"मग मिळाला, मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "आठ महिने."