बिनआवाजाची पेटी

त्या पेटीच्या पुढच्या फळीला, बटणाच्या शेजारी, हिरव्या दिव्यासाठी एक भोक पाडलं होतं. ते मी नंतर भुसा आणि सरस कालवून बुजवलं, घासून सारखं केलं, वरून पॉलिश मारलं. कोणी विचारलंच तर दिसायला बरं दिसत नव्हतं असं सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही. खरं कारण मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आत कॉम्प्युटर चालू आहे की बंद, ते माझ्या आत्याला कळू नये, म्हणून मी ते भोक बुजवलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत विधवा झाली आणि काशीला परत आली. आमची आई गेली तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. मला आणि ताईला आत्यानंच वाढवलं. मला ताप आला की ती पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही, एवढं मला आठवतं. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, मंगला गौरीच्या गल्लीत आमच्याजवळच राहते, आणि डोळ्यांनी फारसं दिसत नसलं तरी कानांनी सगळं घर सांभाळते. जिन्यावर कोण आहे ते ती पावलांवरून सांगते. खाली नदीत बोटीचं इंजिन सुरू झालं की ते जुनं आहे की नवं, हेही.

तिच्याकडे गाण्यांचा साठा आहे. मंगळागौरीची, डोहाळजेवणाची, बारशाची. काशीतल्या मराठी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हणून म्हणून त्यांत निम्मी हिंदी मिसळून गेलेली. पुण्याला असलेली ताई मागे लागली की ही गाणी आत्याबरोबर जातील, तू नीट रेकॉर्ड करून ठेव. फोनवर करून पाहिलं तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येई. मी विद्यापीठात संगणक विभागात नोकरी करतो, एक बरा मायक्रोफोन माझ्याजवळ होता. तो घरच्या जुन्या डेस्कटॉपला जोडला.

गाताना आत्याला सोबत लागे. शेजारच्या काकू येत, ध्रुवपद उचलायला. आणि मी खोलीत असायचं नाही, ही अट होती. काही गाणी पुरुषांसमोर म्हणायची नसतात, काहींच्या मधल्या चेष्टा तर बिलकुल नाहीत. मी मशीन सुरू करून बाहेर जाई. गाणं संपलं की आत्या हाक मारी, मी येऊन मशीन बंद करी आणि चहा ठेवायला जाई. मग दोघींच्या गप्पा सुरू. गप्पांच्या वेळी मशीन बंद, ही दुसरी अट. मशीन बंद आहे हे तिला पंख्याच्या आवाजावरून कळायचं. तो थांबला की ती म्हणायची, "हं. गप झालं मेलं. आता बोला, काकू."

आवाज तसा होताच. रेकॉर्डिंगमध्ये आत्याच्या बारीक आवाजाखाली एक घरघर सतत चाललेली. "तुझं मशीन माझ्यापेक्षा जास्त हल्लागुल्ला करतंय रे," ती म्हणाली, "त्याचंच गाणं पाठव तुझ्या ताईला."

एकदा त्या गात असताना वीज गेली. मशीन आपोआप बंद पडलं. मी दाराबाहेर जिन्यावर होतो. गाणं तिथंच सोडून आत्या बोलू लागली, आणि तिचं एक वाक्य मला ऐकू आलं: "तो अजून बापालाच दोष देतो हो, आणि मी गप्प." काकूंनी काहीतरी विचारलं. तेवढ्यात वीज आली, मशीन आपोआप सुरू होऊन त्याचा पंखा घरघरला, आणि आत्या म्हणाली, "आली बत्ती. राहू दे."

काय राहू दे, ते मला हवं होतं. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

माझं शिक्षण संपलं तेव्हा पुण्याच्या एका कारखान्यात मला नोकरी मिळाली होती. यंत्रांचे सांगाडे, पेट्या, त्यांचे आराखडे काढायची. मला आयुष्यात दुसरं काही करायचं नव्हतं. बाबा नको म्हणाले. कारण दिलं नाही. "इथंच राहायचं," एवढंच. आमच्या घरी बाबांना उलटून विचारायची पद्धत नव्हती, मी विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांच्याशी बोलायचंच सोडलं. म्हणजे औषध आणलं का, बिल भरलं का, एवढं चाले. संध्याकाळी ते अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर बसत, म्हणून मी विद्यापीठातून परतताना दुसऱ्या गल्लीनं येई. ताईनं माझी बाजू घेतली. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी तिला कळवलं तेव्हा ती म्हणाली, बघते. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आत्याला सरळ विचारता आलं असतं. शेजारच्याच खोलीत होती. मी त्याऐवजी पेटी बनवायला घेतली.

पेटीचं काम खोटं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. आवाज खरंच घालवायचा होता, आणि इतक्या वर्षांनी स्वतःच्या डोक्यातली एखादी पेटी मी कागदावर उतरवत होतो. पंखा लहान असला की भरभर फिरावा लागतो आणि किरकिरतो. मोठा असला की संथ फिरून भागतं. पण बनारसच्या जूनमध्ये खोलीतली हवाच तापलेली असते. म्हणून मी पेटी उंच आणि अरुंद केली, धुराड्यासारखी. खालून हवा आत, वरून बाहेर. गरम हवा आपली आपण वर चढते, तिच्या मागोमाग खालून थंड हवा ओढली जाते. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा, तांब्याच्या नळ्यांचा मोठा हीटसिंक बसवला, पॉवर सप्लाय बिनपंख्याचा घेतला, फिरणारी डिस्क काढून न फिरणारी लावली. तळाशी एकच मोठा पंखा, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगलेला, म्हणजे त्याची थरथर लाकडात उतरू नये. तोही फार तापलं तरच फिरेल असा.

भिंती दुहेरी केल्या आणि आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला. हवेच्या वाटेला एक वळण दिलं. आवाज सरळ जातो, वळणावर नमद्यात अडकतो. हवा वळून निघून जाते, असा हिशेब. पहिल्यांदा हवाही अडकली. खोलीत लोकर भाजल्याचा वास सुटला. मी खालच्या फटीशी उदबत्ती धरून पाहिली तर धूर आत जाऊन वळणापाशी घोटाळत होता आणि पुढूनच परत येत होता. वळण करवतीनं रुंद केलं, पेटी वीतभर वाढवली, पुन्हा उदबत्ती धरली. धूर सुतासारखा आत गेला आणि वरच्या तोंडातून निघाला.

पेटीवरून हात फिरवत आत्या म्हणाली, "हे काय, तुळशीवृंदावन केलंस? वर तुळस लावू का?"

काकू म्हणाल्या, "उदबत्ती तर लावलीच आहे त्यानं. प्रदक्षिणा घालून घेऊ या."

मी त्यांच्याबरोबर हसलो. कान पेटीला टेकवला तरच आत काहीतरी आहे असं वाटे. आत्याला बोलावून ऐकवलं. तिनं मान तिरकी करून बराच वेळ कान दिला. "चालू आहे?" "चालू आहे." "मग बंद झालं तर मला कसं कळायचं?" मी म्हणालो, मी येऊन सांगत जाईन की. ती म्हणाली, बरं.

दिव्याचं भोक मी त्यानंतर बुजवलं.

पुढच्या खेपेला गाणं झालं, हाक आली, मी आत गेलो. मशीनचं बटण दाबलं नाही. फक्त समोरच्या पडद्याचं दाबलं. पडदा काळा झाला. "केलं बंद," म्हणालो आणि चहा ठेवायला गेलो. पेटीतून जराही आवाज आला नाही. किती छान काम झालंय, असंही मला तेव्हा वाटून गेलं.

असं मी अनेकदा केलं. बहुतेक वेळा सुनांच्या तक्रारी, भाजीचे भाव, कोणाचे गुडघे. मग एकदा सासरी गेलेल्या मुलीचं एक गाणं झालं, आणि त्यानंतर ती बोलली. दुसऱ्या दिवशी विभागात कानाला हेडफोन लावून मी ते ऐकलं.

ती काकूंना सांगत होती की बाबांनी पुण्याला जायला हो म्हटलं होतं. माझी ट्रंकही माळ्यावरून काढून ठेवली होती. तेव्हा आत्या छातीत दुखतंय म्हणून झोपून राहिली. दुखत नव्हतं. मी गेलो तर या घरात आपण कोणासाठी उठायचं, हे तिला कळेना. बाबांनी तिच्या उशाशी बसून नाडी पाहिली आणि ओळखलं. ती त्यांना म्हणाली, मीच सांगते त्याला, जाऊ नको म्हणून.

"दादा म्हणाला, तू नको सांगू, मी सांगतो. माझ्यावर रागावला तर रागावू दे. तुझ्यावर रागावला तर पोराला आई राहायची नाही."

त्यानंतर काकूंचं चुकचुकणं आणि कपबशीचा आवाज. माझाच चहा. मी ट्रे घेऊन आत आलो आणि दोघी गप्प झाल्या, तेही त्यात आलं आहे. "साखर कमी झाली का?" असं मी विचारतो.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा आत्यानं माझ्या भातावर तूप वाढलं. मी जेवलो. जेवताना वाटत होतं की ताट सारावं, तिला विचारावं की इतकी वर्षं समोर बसून वाढताना तुला काहीच कसं झालं नाही. तिच्यासमोर मी बाबांना किती बोललो होतो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, जाऊ दे रे, बाप आहे. जिच्यापाशी जाऊन मी बाबांची गाऱ्हाणी सांगत आलो, तिचंच ते सगळं होतं. मी आणखी थोडा भात मागून घेतला. आमच्या घरात हे सगळ्यांना जमतं.

मग मी जे केलं ते भोक बुजवण्यापेक्षा वाईट. ताईला गाणी पाठवायची होती. काटछाट करायला मला जेमतेम चहा पिण्याएवढा वेळ लागला असता. मी फाइल अख्खी पाठवली आणि लिहिलं की ऐकायला सवड झाली नाही, तूच बघ. मला रागावता येत नव्हतं. माझ्या वतीनं कोणीतरी रागवावं, अशी ती सोय होती.

ताईचा फोन आला तेव्हा आत्याला नीट ऐकू यावं म्हणून मीच तो स्पीकरवर लावला. ताई ओरडली नाही.

"आत्या, मी बाबांना शेवटचं भेटले नाही. ते कशासाठी गं?"

आत्याला आधी कळलंच नाही. मग ताईनं तिचीच वाक्यं तिला म्हणून दाखवली. आत्या माझ्या दिशेनं वळली. तिला माझा चेहरा दिसत नाही, दिशा तेवढी कळते.

"मशीन बंद होतं ना रे?"

"मलाही वाटलं बंद झालं. त्याला आवाजच नाही, आत्या."

"हो," ती म्हणाली. "आवाजच नाही त्याला."

ताईनं फोन ठेवला. आता ती आत्याशी बोलत नाही, माझ्याकडे तिची चौकशीही करत नाही. मला म्हणाली, तुला धक्का बसला असेल ना रे. मी हो म्हणालो. ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

आत्यानं मला मात्र सगळं सांगितलं, त्याच आठवड्यात, स्वतःहून. मी आधीच ऐकलेलं होतं ते सगळं, त्याच क्रमानं, फक्त माझ्याकडे तोंड करून. शेवटी म्हणाली, "तुझा बाप चांगला होता. तुझ्या वाटचा मी खाल्ला तो." मी तिचा हात धरला. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, झालं गेलं, आत्या.

तिनं गाणं सोडलं. बरीच गाणी राहिली आहेत. काकू आल्या तरी दोघी हळू बोलतात, आणि आत्या आधी विचारते, इथं फोन आहे का, तो बंद करा, काढून बाहेर ठेवा. घरातल्या प्रत्येक यंत्राची तिला भीती बसली आहे. फ्रिजच्या बाजूला बसत नाही. परवा काकू माझ्याविषयी काही बोलल्या असाव्यात, कारण आत्या त्यांना समजावत होती, मी जिन्यावरून ऐकलं: "त्याची चूक नाही हो. त्यानं येऊन बंद केलं होतं. माझ्यासमोर." पावलांवरून माणूस ओळखणाऱ्या या बाईच्या, मी जिन्यावर थांबलो आहे हे, लक्षात आलं नसेल असं नाही. कदाचित तिला सगळं कळलेलंही असेल. पण ते कळलेलं असणं माझ्या पथ्यावर पडतं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

बाबांचं मी काही देणं लागतो ते आता फिटायचं नाही. ताईला या कागदाची नक्कल पाठवणार आहे. आत्याला वाचता येत नाही आता, म्हणून इथं लिहिल्यानं तिच्या बाबतीत काहीच होत नाही. तिच्याशेजारी बसून, तोंडानं, मशीन चालू होतं आणि ते मला माहीत होतं, एवढं सांगण्याचं देणं मी तिचं लागतो. अजून सांगितलेलं नाही.