सिरीयस आहेत, निघून या

आमच्याकडे संपण्याचं काम इंग्रजीवर सोपवलेलं आहे. आमच्या घरात तांदूळ कधी संपले नाहीत, ते ‘वाढले’. बांगडी फुटली तरी ‘वाढली’च म्हणायचं. कामाला निघताना चुकून ‘जाते’ म्हटलं, तर आई जिन्यावरून परत बोलावते आणि ‘येते’ म्हणायला लावते. मराठीत शेवट उच्चारायचाच नाही, असा नेम. मग खरोखरच काही संपलं की शब्द उसना आणावा लागतो. माणूस ‘ऑफ’ होतो. जरा शिकलेल्या घरात ‘एक्सपायर’ होतो.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर रिजेक्ट आणि स्क्रॅप हेच माझे शब्द, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माणसाला कुणी एक्सपायर म्हटलं की माझं डोकं फिरतं. तो काय खोकल्याचं औषध आहे?

पप्पा पिंपरीत ज्या कंपनीत होते, ती मी शाळेत असताना बंद पडली. त्यांचा साहेब म्हणजे तोफखाना. पण त्या दिवशी त्यानं सगळ्यांना शॉप फ्लोअरवर मशीनपाशी उभं केलं आणि अगदी मऊ आवाजात ‘क्लोजर’ असं काहीतरी सांगितलं. पप्पा पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट हसत सांगायचे. म्हणायचे, “साहेब शिव्या देत होता तोवर कंपनी चालू होती. त्या दिवशी गोड बोलला, तेव्हाच मी डबा उचलला.”

या सगळ्या शब्दांत मला भीती वाटते ती ‘सिरीयस’ची. लांबच्या माणसाला मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. तो प्रवासात असणार, रस्त्यात त्याचं काही बरंवाईट झालं म्हणजे? म्हणून सांगायचं, “सिरीयस आहेत, निघून या.” ऐकणारा काय ते समजतो. तोही ‘बरं, निघतो’ म्हणतो आणि पुढे काही विचारत नाही. रीत चांगली आहे, मायेची आहे. पण एखादा माणूस खरंच सिरीयस असेल तर काय म्हणायचं, याची सोय कुणी करून ठेवलेली नाही.

दिवाळीच्या आधी पप्पांना न्यूमोनिया झाला. पिंपरीतल्या हॉस्पिटलात, आयसीयूत, तोंडावर मास्क. सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “क्रिटिकल आहेत. जवळच्यांना बोलवून घ्या.” तो खाली आलेला आवाज ऐकून मला पप्पांचा साहेब आठवला. आत गेले तर पप्पा मास्क बाजूला सारून विचारत होते, “अक्का आली?”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. त्यांची आई लवकर गेली. आत्यानंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. तिचं गाव चाकणच्या पलीकडे, कांद्याची शेती, फोन तिच्या मुलाकडे. मी त्याला फोन लावला आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं तेच माझ्या तोंडून निघालं. “पप्पा सिरीयस आहेत, आत्याला घेऊन निघून ये.”

“बरं ताई,” तो म्हणाला. काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बऱ्याच वेळानं त्याचा फोन आला. “ताई, निघालोय. भावकी गोळा करण्यात येळ गेला, टेम्पो केलाय. आता मोशीत अडकलोय. किती वाजता न्यायचं ठरलंय?”

“कुठे न्यायचं?” मी विचारलं. मला वाटलं, कुठल्या तपासणीबद्दल विचारतोय.

“घाटावर, ताई,” तो हळूच म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“अरे, आहेत पप्पा! मास्क लावलाय, पण बोलतायत. आत्याला विचारतायत. सरळ हॉस्पिटलात या.”

“व्हय ताई, व्हय,” तो लहान मुलीची समजूत काढावी तसं म्हणाला. “तुमी धीर सोडू नका.” आणि फोन ठेवला. नंतर मी लावत राहिले, तो उचलेना. सुतकाच्या घरी जाताना फोनवर किती बोलायचं, असं त्याला वाटलं असणार.

पप्पांचा ऑक्सिजन खाली आला. नर्स आत-बाहेर करू लागल्या. आई बाकावर बसून पदराचं टोक पिळत होती. दार उघडलं की काचेपलीकडे पप्पांचे डोळे दाराकडे वळायचे आणि मला बघून परत मिटायचे. मला स्वतःची चीड आली, त्या शब्दाची आली, सगळ्या समजूतदार नातेवाइकांची आली.

तेवढ्यात आमच्या काळेवाडीच्या इमारतीखालच्या गॅरेजवाल्या चाचांचा फोन आला. आवाज ओला. “बेटी, गाँव से टेम्पो आया है. औरतें सीढ़ी पे बैठके रो रही हैं. मैंने शटर आधा गिरा दिया. तूने मुझे बताया क्यों नहीं?”

घरीच जाणार ना ते. मयत घरीच येते. पिंपरीहून काळेवाडी ती केवढी लांब, पूल ओलांडला की आलं. आणि आत्या तिथे आमच्या जिन्यात बसून जिवंत भावासाठी गळा काढत होती.

“चाचा, पप्पा जिवंत आहेत. फोन आत्याला द्या.”

फोनवर रडणं जवळ आलं. मी होईल तितक्या शांतपणे सांगितलं, “आत्या, पप्पा आहेत गं. तुझी वाट बघतायत. चल लवकर.”

“व्हय माझे बाय, व्हय,” ती हुंदक्यातून म्हणाली. “तू नगं रडू. आईला धर. आमी हितंच बसतो, तुमी आणा त्याला.”

मी जितकं मऊ बोलेन, तितकी तिची खात्री पटत होती. आणि मग माझा तोल गेला.

“आत्या, तुला अक्कल आहे का?” मी कॉरिडॉरमध्ये ओरडले. “जित्या माणसाच्या दारात बसून बोंबलतेस? तो इथे अक्का अक्का करतोय आणि तू भावकी गोळा करत फिरतेस! ऊठ आधी! नाहीतर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही मी!”

सगळा कॉरिडॉर माझ्याकडे बघू लागला. सिक्युरिटीवाला उठला. आईनं माझा दंड धरला. तिकडे रडणं एकदम थांबलं होतं. मयताच्या घरातली पोरगी अशी कचाकचा भांडत नाही, हे आत्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

“जित्ता हाय?” तिनं अगदी वेगळ्या आवाजात विचारलं.

“आहे!”

“मंग वरडतीस कशाला? आले.”

चाचांनी तिला स्कूटरवर मागे बसवून आणलं. सत्तरी ओलांडलेली बाई, नऊवारीत, जन्मात कधी स्कूटरवर न बसलेली. ती आत गेली आणि तिनं पप्पांच्या कपाळावर हात ठेवला. पप्पांनी डोळे उघडले, मास्क हलवला. “उशीर केलास, अक्का.”

“तुज्या लेकीनं नीट सांगितलं न्हाई,” आत्या म्हणाली आणि मग मात्र मोठ्यानं रडली. नर्सनं तिला बाहेर काढलं. ती काचेला नाक लावून उभी राहिली, संध्याकाळपर्यंत हलली नाही.

पप्पा त्या वेळी वाचले. घरी आले. दिवाळीत आत्यानं त्यांना ओवाळलं आणि त्यांनी तिला चिडवलं, “अक्का, माझ्या दहाव्याला काय करणार होतीस, सांग की.” तिनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. ती थंडी त्यांनी काढली.

माघ सरता सरता एका सकाळी चहा घेऊन ते परत जरा पडले आणि उठले नाहीत. आई त्यांच्या उशाशी होती. फोन मलाच करायचा होता. मी बाल्कनीत गेले. खाली चाचांच्या गॅरेजमध्ये कुणीतरी गाडीचं इंजिन रेस करत होतं. ते सगळे शब्द जिभेवर येऊन थांबले होते, ज्यांची मी आयुष्यभर टिंगल केली ते. त्यातला एक जरी म्हणता आला असता तर बरं झालं असतं, असं पहिल्यांदाच वाटलं.

मुलाचा फोन या वेळी आत्यानंच उचलला. “हॅलो, कोण हाय?”

“आत्या,” मी म्हटलं. “मी आहे.”

पुढे काही बोलले नाही. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग आत्या म्हणाली, “आज वरडली न्हाईस, बाय.”