पाटलांच्या रानातली अळी

भाताचं ओलं खोड चिरलं की गोडसर हिरवा वास येतो, आणि मला उत्रोलीचा तो पार आठवतो. त्या वर्षी लोंब्या दाण्याविना पांढऱ्या पडल्या होत्या, आणि पारावर निकालही लागून गेला होता: उन्हाळ्यात खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या, त्यांच्या लेंड्यांतून कीड आली. ज्या धनगर बाईचा कळप होता, ती खाली घोंगडीवर बसून ऐकत होती. ‘फुडल्या सालापासनं तुजी मेंढरं हितं नगंत,’ पाटील म्हणाले. त्या मेंढ्या बसवण्याच्या मोबदल्यातच तिच्या घरचं वर्षाचं धान्य यायचं! मी तिथला कृषी सहायक; माझं डोकं फिरलं. हातातलं किडीवरचं पत्रक कोणी वाचणार नव्हतं, म्हणून सरळ विचारलं, ‘जिथं मेंढ्या कधीच बसल्या नाहीत, असं रान कुणाचं?’ ‘आमचं,’ पाटील ताठ मानेनं बोलले. मी त्यांच्याच रानातली पांढरी लोंबी खोडासकट उपटून आणली आणि सगळ्यांसमोर विळ्यानं उभी चिरली. आतून पिवळट अळी वळवळत बाहेर आली. ‘ही पतंगाच्या अंड्यातनं येते आणि कापणीनंतर धसकटांत दडून बसते,’ मी ठणकावलं, ‘धसकटं उपटून जाळा, बाईला कशाला हाकलता?’ तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, ‘पाटील, हिला बी माज्याच मेंढीनं जलम दिला व्हय?’ सगळा पार हसला, शेवटी पाटीलही. पुढच्या उन्हाळ्यात तिचा कळप सगळ्यांत आधी बसला तो त्यांच्याच रानात. पत्रकं मी आजही वाटतो, पण पिशवीत आधी विळा टाकतो.