लेकराच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाई

गेवराईच्या शिबिरात त्या एकदाच आल्या. लहान मुलांच्या सांधेदुखीच्या डॉक्टर! ऐकून अर्धा तालुका हसला. संधिवात म्हाताऱ्यांचा, हे आमच्याकडं बैलालाही ठाऊक.

माझी सहा वर्षांची लेक सकाळी लाकडासारखी ताठ व्हायची. बाईंनी आधी आपले तळहात घासून ऊन केले, मग तिचं एकेक बोट हळूच दाबलं.

"लई आळशी हाय, मॅडम," मी म्हणालो.

"आळशी नाही हो, दादा. सगळ्यांनाच असं दुखतं असं तिला वाटतं, म्हणून ती रडत नाही."

त्यांच्या चिठ्ठीवर संभाजीनगरला औषध सुरू झालं. आता लेक पळते, तेव्हा एसटी मागं पडते. तरी दर शिबिराला तिला घेऊन मी रांगेत उभा राहतो.

"काय होतंय?" नवे डॉक्टर विचारतात.

"काई न्हाई, पळतीया. त्या बाई आल्यात का?"