पेनल्टी स्पॉटखालची राख

समजा, मंगळवारची सकाळ आहे. तुम्ही फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला उभे आहात आणि एक बाई तुमच्या हातात हिरव्या प्लास्टिकचा डबा देते. डबा दिसतो त्याहून जड असतो, तीन किलोच्या आसपास. त्यात तिच्या नवऱ्याची रक्षा आहे. बाई म्हणते, "पेनल्टी स्पॉटपाशी ठेवा त्याला. जन्मभर तिथंच डोळे लावून बसला होता." शनिवारी सामना आहे. आणि तिला माहीत नसलेली एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे: माणसाच्या राखेनं गवत मरतं. तिच्यात क्षार इतके असतात की तीन आठवड्यांत मुळं जळतात आणि ताटाएवढा पिवळा डाग पडतो. बाई रडते आहे. तुम्ही काय कराल?

नेव्हिल हॅल्सॉलनं जे केलं ते त्यानं तेहतीस वर्षांत एकसष्ट वेळा केलं, आणि त्याबद्दल कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. मी नऊ वर्षं त्याचा शेजारी आहे आणि माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो. राखेतल्या क्षारांबद्दल त्यानं मला बऱ्याचदा विचारलं होतं. का विचारतोय, ते मात्र सगळं होऊन गेल्यावर सांगितलं.

नेव्ह हा हॅडनशॉ टाउन क्लबचा ग्राउंड्समन, मैदानाची निगा राखणारा. वय एकोणसत्तर, गुडघे गेलेले, बोलणं कमी. अठ्ठाविसाव्या वर्षी कामाला लागला तेव्हापासून त्या मैदानातलं पाणी कुठं साचतं, कुठल्या कोपऱ्यात दव उशिरा वाळतं हे त्याला तोंडपाठ. बायको फार लवकर गेली, मूल नाही. रविवारीसुद्धा तो उगाच मैदानावर चक्कर मारून येतो, जसं कोणी गोठ्यात डोकावून यावं.

पहिली रक्षा त्यानं खरोखर पेनल्टी स्पॉटपाशी, गोलासमोरच्या त्या खुणेशी, पुरली होती. एका निवृत्त बस ड्रायव्हरची. महिन्याभरात तिथं टक्कल पडलं, आणि व्यवस्थापकानं सगळ्या खेळाडूंसमोर त्याला झापलं, "नेव्ह, हे मैदान आहे की माझ्या सासऱ्याचं डोकं?" सगळे हसले. नेव्हच्या ते मनाला लागलं.

पुढच्या वेळेपासून त्यानं पद्धत बदलली. घरची माणसं समोर उभी असताना तो फावड्यानं गवताचा चौकोन अलगद उचलायचा, राख ओतायचा, चौकोन परत बसवायचा, टोपी काढून मागे सरकायचा. माणसं डोळे पुसत निघून जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो एकटा यायचा, तोच चौकोन उचलायचा, राख मातीसकट हातगाडीत भरायचा आणि प्रेक्षकांच्या पूर्वेकडच्या स्टँडमागे, हत्यारांच्या खोलीपलीकडे काटेरी कुंपणाशी एक पडीक पट्टी होती, तिथं नेऊन पुरायचा. नाव घ्यायचा, मागच्या शनिवारच्या सामन्याचा निकाल सांगायचा, आणि कामाला लागायचा. मैदानातल्या खड्ड्यात नवी माती. त्या बस ड्रायव्हरलाही त्यानं मागाहून तिथंच नेलं.

"मी कोणाला फेकलं नाही," तो मला म्हणाला. "नीट ठेवलं सगळ्यांना. फक्त जागा दुसरी."

चहाच्या टपरीवरच्या ग्लेनिस रिम्मरचा नवरा डग सहा वर्षांपूर्वी वारला, त्याची रक्षाही अशीच त्या पट्टीत गेली. ग्लेनिस सामन्याच्या दिवशी टपरी उघडण्याआधी कठड्याला टेकून पेनल्टी स्पॉटकडे बघत डगशी बोलते. सूनबाईच्या तक्रारी, गुडघ्याचं दुखणं, वाटाणे कसे करपले ते. नेव्ह मैदानावर पांढऱ्या रेषा मारत जवळून गेला की म्हणते, "जरा हळू रे, झोपलाय तो." नेव्ह हळू जातो.

दोन वर्षांपूर्वी क्लबचं दिवाळं वाजलं. मालक गायब झाला आणि न्यायालयानं कारभार एका प्रशासकाच्या हाती दिला. त्याचं काम एकच: ठरल्या तारखेपर्यंत क्लब घेणारं कोणी शोधायचं, नाहीतर टाळं लावायचं. शेवटी दोघं उरले. एक गावातलाच, कॅराव्हॅन विकणारा क्रेग टॅटरसॉल. दुसरी लेस्टरहून आलेली जूडिथ मार्श, क्रीडासंकुलं चालवणारी. दोघांची बोली जवळजवळ सारखी. म्हणून प्रशासकानं चाहत्यांच्या संघटनेला सांगितलं, सभा घ्या, मत द्या. तुम्ही ज्याच्या मागे, त्याला मी क्लब देतो.

टॅटरसॉल म्हणत होता, मैदान आहे तसं ठेवतो, फक्त मागची पडीक पट्टी घरं बांधायला विकतो. मार्शबाई म्हणत होत्या, जागा एक इंचही विकणार नाही, पण गवत काढून प्लास्टिकचं मैदान टाकते. आठवडाभर भाड्यानं देता येईल, त्यावर क्लब जगेल.

सभेच्या आधी मार्शबाई एकट्या नेव्हला भेटायला मैदानावर आल्या. बुटांना चिखल लागला तरी कुरकुर केली नाही.

"मिस्टर हॅल्सॉल, इथं रक्षा पुरल्यात असं ऐकलं. नक्की कुठं आहेत?"

"आहेत."

"ते कळलं. कुठं? तुम्ही जागा दाखवलीत तर आम्ही ती सोडू, नाहीतर घरच्यांना विचारून मानानं हलवू. मला फक्त खरं काय ते सांगा. नंतर कळलेलं वाईट असतं."

बाईंच्या काखेत प्लास्टिकच्या गवताचा नमुना होता, पायपुसण्याएवढा. नेव्ह त्याच्याकडे बघत होता.

"याला निगा काय लागते?" त्यानं विचारलं.

"फारशी नाही. आठवड्यातून दोनदा ब्रश फिरवायचा."

"म्हणजे माणूस लागत नाही."

"पूर्ण वेळ नाही लागत. खोटं कशाला बोलू?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. नेव्ह बोलला. "दोन्ही गोलांसमोर आहेत," तो म्हणाला. "सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे?"

"म्हणजे सगळीकडे, बाई."

सभा क्लबच्या हॉलमध्ये भरली. बसायला जागा नव्हती. टॅटरसॉल उठला तसा मागून एकजण ओरडला, "क्रेग, तुझ्या कॅराव्हॅनचं छप्पर गळतं, ते आधी बघ."

"पाऊस थांबला की गळत नाही," टॅटरसॉल म्हणाला. हॉल हसला. निम्मी मतं त्याला तिथंच मिळाली. बाकीचं त्यानं एका वाक्यात उरकलं: गवताच्या एका पात्यालाही हात लावणार नाही.

मार्शबाईंनी आकडे सांगितले. दोन हिवाळ्यांत पाणी साचून सतरा सामने रद्द झाले होते. खरं होतं ते. पण कोणीतरी म्हणालं, "बाई, तुमच्या त्या प्लास्टिकखाली माझा बाप झोपलाय." मग कोणी ऐकेना. माझी आई, माझा भाऊ, आमचे मास्तर, असे आवाज उठत राहिले.

ग्लेनिस उभी राहिली. "भांडताय कशाला? नेव्ह आहे ना इथं. त्यानं स्वतःच्या हातानं ठेवलंय सगळ्यांना. नेव्ह, सांग रे यांना. डग कुठाय?"

नेव्ह दाराजवळ भिंतीला टेकून होता. चारशे डोकी त्याच्याकडे वळली. मार्शबाईही बघत होत्या.

"पेनल्टी स्पॉटच्या डावीकडे," तो म्हणाला. "चार फुटांवर."

"आणि एकूण किती?"

"एकसष्ट."

मार्शबाईंनी कागद गोळा केले आणि खाली बसल्या. मतमोजणी नुसती नावाला झाली.

आकडा खरा होता, असं नेव्ह मला दोनदा म्हणाला. त्याला तेवढाच आधार होता. लोकांनी पाठ थोपटली, बिअरचे पेले पुढे केले. तो एकेक पेला बाजूच्या टेबलावर ठेवत गेला. आपण एका वाक्यात आपली नोकरी वाचवली आणि त्याच वाक्यात ती पट्टी विकली, हे हॉलमध्ये त्याला एकट्याला कळलेलं होतं.

पट्टीवर घरांसाठी खोदाई जूनमध्ये सुरू व्हायची होती. दोन महिने हातात होते. एक दिवस तो मन घट्ट करून, खरं काय ते सांगायला, टॅटरसॉलच्या ऑफिसात गेला.

"ये ये, नेव्ह. तुलाच बोलावणार होतो," टॅटरसॉल म्हणाला. "हे बघ, गोलामागे पितळी पाटी लावतोय. एकसष्टही नावं, त्यांच्या घरच्यांकडून जमवली. 'या मैदानाच्या मातीत विसावलेले.' कसं वाटतं?"

नेव्हनं यादी वाचली. वरून खाली, सावकाश. मग बोट ठेवून म्हणाला, "या नावात एक अक्षर चुकलंय." टॅटरसॉलनं ते दुरुस्त केलं. नेव्ह चहा पिऊन घरी आला.

खोदाईच्या आधीच्या रविवारी तो फावडं घेऊन कुंपणाशी गेला. वाटलं, निदान डगला तरी हलवू. डगला कुठं ठेवलं ते त्याला बरोबर आठवत होतं, चौथ्या खांबापाशी. पण खणल्यावर हाताला लागली ती काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली माती. तेहतीस वर्षांत सगळी माणसं एकमेकांत मिसळून गेली होती. त्यानं एक बादली भरली, पेनल्टी स्पॉटपर्यंत नेली आणि तिथं तसाच उभा राहिला. ही बादली डगची की बस ड्रायव्हरची? की त्यांच्यातल्या कोणाचीच नाही? बादली त्यानं परत नेऊन ओतली.

मंगळवारी यंत्रं आली. पिवळ्या जाकिटातल्या माणसांनी आधी कुंपण उपटलं, मग वरची फूटभर माती खरवडून ट्रकांत भरली. तीन ट्रक झाले. नेव्ह टोपी हातात घेऊन उभा होता.

"माती झकास आहे हां, काका," शेवटच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. "अशी मिळत नाही हल्ली. काय घालत होतात हिच्यात?"

"कुठं नेताय?" एवढंच त्यानं विचारलं.

"ते ऑफिसला माहीत. जिथं मागणी असेल तिथं."

नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला पितळी पाटीवरचा पडदा ग्लेनिसनं दूर केला. मग नेव्हजवळ येऊन त्याचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. "तू नसतास तर यांनी प्लास्टिक घातलं असतं त्याच्या उरावर," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याच्याकडून चहाचे पैसे घेत नाही. त्या दिवसापासून तो घरून थर्मास आणतो. ती विचारते, माझा चहा आवडेनासा झाला का रे? तो म्हणतो, डॉक्टरनं साखर बंद केलीय. हेही खोटंच.

मी त्याला म्हणालो, तिला सांगून टाक. त्यानं थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाला, "सांगेन. पण ती विचारेल, मग आता कुठाय तो? आणि मला ते माहीत नाही."

म्हणून दर सोमवारी तो त्या वाहतूक कंपनीला फोन करतो. फोन घेणारी मुलगी आता त्याचा आवाज ओळखते. "मिस्टर हॅल्सॉल, त्या मातीचं तुम्हाला काय करायचंय तरी काय?" ती विचारते. तो कारण सांगत नाही. कधी ती म्हणते कुठल्याशा नव्या शाळेच्या बागेला गेली असेल, कधी म्हणते रस्त्याच्या चौकात. जुनी कागदपत्रं तिला सापडत नाहीत. नेव्ह बसनं जाऊन शाळा बघून येतो, चौक बघून येतो. कुठं गवत पिवळं पडलंय का ते वाकून बघतो.

परवा आमच्या घरांमधल्या कुंपणावरून त्यानं मला पुन्हा तेच विचारलं, जणू मी कधीतरी उत्तर देईन. "तीन ट्रक होते. काही लपवण्यासारखं नव्हतं त्यात. मग कोणीतरी सांगा ना मला, कुठं रिकामे केले ते?"