तळमजल्यावरच्या कोणकाकू

सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शिरताना पहिल्या पायरीवर पाय पडायच्या आधी कानावर "कोण?" पडायचं. जिन्याच्या तोंडाशीच काकूंची खोली, खोलीला जिन्याकडे उघडणारी खिडकी आणि खिडकीत काकू. त्यांचं खरं नाव मालतीबाई होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या कोणकाकू. त्या "कोण?"मध्ये स्वागताचा अंशही नसे. आपण मुळात जन्माला का आलो, याचा खुलासा करूनच पुढे जावं, असा तो सूर होता.

लग्न होऊन मी अमरावतीहून तिथे आले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना कमी दिसत असेल. म्हणून मी रोज थांबून नाव सांगायचे, तब्येत विचारायचे, जेवण झालं का म्हणायचे. आमच्याकडे तशीच पद्धत. त्यावर काकू मला आपादमस्तक न्याहाळायच्या आणि विचारायच्या, कोणाकडे जायचंय? मी म्हणायचे, घरी. मग घर कोणाचं, हा पुढचा प्रश्न. माझा नवरा हेमंत त्याच बिल्डिंगमध्ये वाढलेला. तो "कोण?" ऐकल्यावर मान न वळवता "यमदूत, पत्ता शोधतोय" असं म्हणून वर जायचा. त्याला त्यांनी दुसरा प्रश्न कधी विचारला नाही. मला मात्र नवरी म्हणून आणलंय की दरोड्याची पाहणी करायला मी आलेय, याचा निकाल काही महिने लागेना.

तो लागला एका दुपारी. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी घामाघूम होऊन आले आणि खिडकीतून नेहमीप्रमाणे विचारणा झाली. त्या दिवशी माझी अमरावती संपली. मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" आणि तरातरा जिना चढून गेले. संध्याकाळी काकू स्वतः गुडघे धरत वर आल्या. हातात वाटीभर साखरांबा. मी ओशाळून काही बोलायला लागले, तर त्यांनी मला तिथेच अडवलं.

"अगं, स्वतःच्या घरी जाणारा माणूस कशाला गोड बोलेल? घरचा असतो तो चिडतो. जो चिडत नाही ना, त्याला काहीतरी हवं असतं."

हे त्यांचं सुरक्षाशास्त्र. ते ऐकून हसू येईल, पण काकूंनी त्याच्या जोरावर बिल्डिंग राखली होती. एकदा गॅसची तपासणी करायला म्हणून एक नीटनेटका माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. "आई, जरा वर जाऊन येतो," म्हणाला. काकूंनी त्याला वर तर सोडलं नाहीच, रस्त्यापर्यंत पोचवून आल्या. पुढच्या गल्लीत त्याच माणसाने दोन घरांना बनावट रेग्युलेटर विकल्याचं नंतर कळलं. आम्ही काकूंना विचारलं, तुम्हाला कसं समजलं? त्या म्हणाल्या, "मला मूल नाही. हा आई म्हणत कुठून आला?" एवढं बोलून त्या लसूण सोलायला लागल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काही दिवस तर असे असत की त्या "कोण?"खेरीज त्यांचं कोणाशी बोलणंच होत नसे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना घाईही होती.

बिल्डिंगमध्ये अर्थातच दोन पक्ष होते. दुसऱ्या मजल्यावरचे सहस्रबुद्धे, आमचे सेक्रेटरी, काकूंच्या बाजूचे. फुकटात मिळणाऱ्या कुठल्याही सेवेच्या ते बाजूचे असत. तिसऱ्या मजल्यावरचा निनाद विरुद्ध. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि त्याला प्रायव्हसी होती. काकूंचं हे निव्वळ ऑब्सेशन आहे, म्हातारपणातला रिकामा उद्योग आहे, असं त्याचं मत. आपले मित्र किती वाजता आले याच्याशी काकूंना काय देणंघेणं, असं तो विचारायचा आणि ते बरोबरच होतं. तो ऑफिसात असताना त्याची पार्सलं काकू घ्यायच्या, तेव्हा मात्र प्रायव्हसी त्याच्याबरोबर ऑफिसात गेलेली असे. मी दोघांचंही ऐकून मान हलवायचे. पुण्यात इतकी वर्षं काढून मत न देण्याची सवय मला एकटीलाच राहिली होती.

मग सायकल गेली. ती सहस्रबुद्ध्यांची. गिअरची, परदेशी बनावटीची, डॉक्टरांनी चालवायला सांगितलेली आणि म्हणून जिन्याच्या वळणावर झाकून ठेवलेली. भर सकाळी एक जण ती खांद्यावर घेऊन खाली उतरला. काकूंनी विचारलं, "कोण? सायकल कुठे चालली?" तो खेकसला, "तुम्हाला काय करायचंय? डोकं आत घ्या." काकू निर्धास्त झाल्या. खालची पायरी फुटलीय, जपून उतर, असंही त्यांनी त्याला सांगितलं.

हे सगळं त्यांनी स्वतःच मीटिंगमध्ये सांगितलं, काही न लपवता. सहस्रबुद्ध्यांचा चेहरा लाल झाला. तुम्हाला शंका कशी आली नाही, असं त्यांनी विचारलं.

"चिडला ना तो. मला वाटलं, तुमचा पुतण्या."

"म्हणजे माझा पुतण्या चोरासारखा बोलतो?"

"छे. चोर तुमच्या पुतण्यासारखा बोलला."

सगळे हसले, आणि हसून झाल्यावर सगळ्यांनी आपापले पक्ष बदलले. इतके दिवस काकू फार विचारतात म्हणून तक्रार करणारा निनाद आता म्हणाला, त्या नीट विचारत नाहीत. सहस्रबुद्ध्यांना अचानक कळलं की सुरक्षा ही फुकटात मिळणारी गोष्ट नाही. कॅमेरा लावायचं ठरलं. तो बरोबर काकूंच्या खिडकीच्या वर बसवला गेला, कारण जागा मोक्याची होती. ती मोक्याची आहे हे शोधून काढणाऱ्या बाईंचे आभार मानायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खिडकी बंद. जिना गप्प झाला. निनादला हवी होती ती शांतता मिळाली आणि चार दिवसांत तोच मला विचारायला लागला, काकूंना बरं नाही का? मी खाली गेले. काकू पलंगावर बसून होत्या. मी म्हटलं, एका सायकलचं काय एवढं, सहस्रबुद्धे ती कधी चालवणार होते? त्या हसल्या नाहीत.

"सायकलचं नाही गं. मला वाटायचं, घरचं कोण ते मला कळतं. नाही कळत."

मला फार वाईट वाटलं. अमरावतीत असते तर मी त्यांना जवळ घेतलं असतं. पण त्या हात लावून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणून मी लसूण सोलत बसले.

पुढे बिल्डिंग पाडून नवीन बांधायचं ठरलं. कॅमेरा, खिडकी, फुटकी पायरी, सगळंच गेलं. आम्ही वाघोलीला भाड्याने राहायला गेलो आणि हेमंतच्या नोकरीमुळे तिथलेच झालो. काकू तेवढे दिवस भाचीकडे राहिल्या. नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर फक्त पार्किंग. काकूंना मिळाला नववा मजला. हवा उत्तम, उजेड उत्तम, पर्वतीचं दर्शन बसल्या जागी. फक्त घरावरून जाणारं कोणी नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. गेटवर गणवेशातल्या वॉचमनने मला मॅडम म्हणून नमस्कार केला, नाव विचारलं, फोनवर आलेला नंबर विचारला, फोटो काढला, हसून लिफ्ट दाखवली. इतका गोड माणूस त्या जागेवर मी कधी पाहिला नव्हता. काकूंच्या शास्त्रानुसार त्याला आधी रस्त्यापर्यंत पोचवून यायला हवं होतं.

वर जाऊन मी बेल दाबली. दाराला छोटा कॅमेरा होता, भाचीने बसवलेला. पण त्यात सगळ्यांचं नाकच तेवढं मोठं दिसतं म्हणून काकू तिकडे बघतही नाहीत, असं भाचीने मला फोनवर सांगितलं होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून आवाज आला, "कोण?" शब्द तोच, पण त्यातला सगळा दरारा गेलेला. विचारायचं असतं म्हणून विचारलेलं.  नाव ओठांवर आलं होतं, तब्येत कशी आहे तेही आलं होतं. मी दोन्ही गिळलं.

"तुम्हाला काय करायचंय?" मी जितकं खेकसता येईल तितकं खेकसले. "दार उघडा आधी."

 मग चपला घासत आल्याचा आवाज, पूर्वीपेक्षा जरा घाईचा, आणि कडी निघाली.

"घरचंच आहे कोणीतरी," काकू आत कोणाला तरी म्हणाल्या.

आत दुसरं कोणीही नव्हतं.